कॅलिफोर्नियाचे हवामान धोरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी कॅलिफोर्निया राज्याने हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवण्यासाठी २००२ पासून केलेले कायदे, नियम व बाजारव्यवस्था यांचा समुच्चय. संघराज्यातील एखादे घटक राज्य केवळ स्वतःच्या कायद्यांच्या बळावर उत्सर्जनाचे लक्ष्य गाठू शकते काय, या वादात दोन्ही बाजू याच राज्याचा दाखला देतात. राज्याची लक्ष्ये तीन आहेत : २०२० पर्यंत १९९० च्या पातळीवर परतणे, २०३० पर्यंत त्या पातळीच्या ४० टक्के खाली जाणे आणि २०४५ पर्यंत कार्बन-तटस्थता, म्हणजे जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषण. यांपैकी पहिले मुदतीच्या चार वर्षे आधीच साधले. दुसऱ्याबाबत उपलब्ध आकडे आशादायक नाहीत.

धोरणाचा आरंभ कोठून धरावा, याबाबत एकमत नाही. बहुतेक लेखक राज्यपाल आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी २७ सप्टेंबर २००६ रोजी स्वाक्षरी केलेल्या, २०२० चे लक्ष्य घालून देणाऱ्या ‘एबी ३२’ या कायद्यापासून सुरुवात करतात. काहींच्या मते त्यांचाच जून २००५ चा कार्यकारी आदेश हा खरा आरंभ होय; कारण १९९० ची पातळी व २०५० पर्यंत ८० टक्के घट हे आकडे प्रथम त्यात आले. तथापि विधिमंडळ-सदस्य फ्रॅन पॅव्हली यांचा, मोटारींच्या धुरातील हरितगृह वायूंवर मर्यादा घालणारा २००२ चा कायदा आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक दिसते. राज्याच्या अधिकाराची सीमा कोठवर, हा पुढे वारंवार न्यायालयात गेलेला प्रश्न त्या कायद्यानेच उभा केला.

त्या अधिकाराचे मूळ मात्र हवामानबदलात नाही. ते लॉस अँजेलिसच्या धुरक्यात आहे. १९४० च्या दशकात या शहरावर डोळे चुरचुरवणारे धुरके साचू लागले. मोटारींच्या व तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते तयार होते, हे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले. १९६७ मध्ये राज्याने एअर रिसोर्सेस बोर्ड (संक्षेपाने ‘कार्ब’) स्थापन केले व हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या संघीय कायद्याने वाहनांच्या धुराचे नियम करण्याची मक्तेदारी संघशासनाकडे ठेवली. पण कॅलिफोर्नियाला संघीय परवानगीने अधिक कडक नियम करण्याची सूट दिली. १९७७ पासून इतर राज्यांनाही ते नियम जसेच्या तसे स्वीकारता येतात. धुरक्यासाठी दिलेली ही सूट सुमारे चार दशकांनंतर कार्बन डाय-ऑक्साइडसाठी वापरली गेली. कायद्याची ही ओढाताण होती काय, यावर आजही दुमत आहे.

आधारपातळी व हिशेब : लक्ष्य पुरे झाले की नाही हे ठरवताना १९९० ची पातळी कशी मोजली, हे आधी पाहावे लागते. कार्बने २००७ मध्ये ती ४२.७ कोटी टन कार्बन डाय-ऑक्साइड-समतुल्य अशी ठरवली. २०१४ मध्ये ती ४३.१ कोटी टन केली. १९९० मध्ये अधिक धूर निघाला होता असे काही नंतर उघडकीला आले नव्हते. मिथेनसारख्या वायूंची तापनक्षमता किती धरावी, याचे हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीचे (आयपीसीसी) गुणांक बदलले होते. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनचा गुणांक २१ होता, तो २५ झाला. वार्षिक उत्सर्जनही त्याच नव्या गुणांकांनी मोजले जात असल्याने यात लबाडी नाही. मात्र जुन्या व नव्या आवृत्त्यांतील आकडे एकाच कोष्टकात मांडण्याची चूक अनेक लेखांत आढळते.

दुसरा मुद्दा विजेचा आहे. राज्याच्या सीमेत निघालेल्या धुराचाच हिशेब ठेवण्याचा सर्वसाधारण प्रघात सोडून ‘एबी ३२’ने बाहेरून आणलेल्या विजेचे उत्सर्जनही राज्याच्या खाती घातले. राज्यात वापरल्या जाणाऱ्या विजेचा मोठा वाटा शेजारील राज्यांतून येतो, हे लक्षात घेता ही तरतूद प्रामाणिकपणाची होती. परंतु तिच्यातून एक पळवाट निघाली. कोळशाच्या केंद्राशी असलेला करार सोडून स्वच्छ विजेचा करार केला, की राज्याच्या वहीत घट दिसते. ते केंद्र दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी चालूच राहू शकते. न्यू मेक्सिकोतील फोर कॉर्नर्स या औष्णिक केंद्रातील आपला हिस्सा सदर्न कॅलिफोर्निया एडिसन कंपनीने २०१३ च्या अखेरीस ॲरिझोनाच्या वीजकंपनीला विकला, हे याचे नेहमीचे उदाहरण. ते टीकाकार मांडतात तितके सरळ नाही. खरेदीदार कंपनीने त्याच सुमारास केंद्रातील जुने तीन संच बंद केले, म्हणजे काही घट खरीच झाली. विकलेल्या हिश्श्याचे दोन संच मात्र चालू राहिले.

आंतरराज्यीय व आंतरराष्ट्रीय विमानप्रवास आणि बाहेर बनून राज्यात विकला जाणारा माल लक्ष्याच्या हिशेबात नाही. वणव्यांचा धूरही नाही. २०२० मध्ये राज्यात ४० लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. एका अभ्यासाने त्या वर्षीच्या वणव्यांचे उत्सर्जन सुमारे १२.७ कोटी टन, म्हणजे २००३ ते २०१९ या काळात राज्याने साधलेल्या घटीच्या जवळपास दुप्पट धरले आहे. जंगल पुन्हा वाढताना यातील काही कार्बन परत शोषला जातो, म्हणून ही तुलना जपूनच करावी.

घटीचे श्रेय : २०१६ चे उत्सर्जन सुमारे ४२.९ कोटी टन नोंदले गेले व २०२० चे लक्ष्य पुरे झाले. ते धोरणामुळे झाले काय? राज्यशासनाची मांडणी तशी आहे व प्रचारात कॅप-अँड-ट्रेड या उत्सर्जन-परवान्यांच्या बाजाराला अग्रस्थान असते. या पद्धतीत एकूण उत्सर्जनाची कमाल मर्यादा ठरवून तेवढेच परवाने वाटले वा लिलावात विकले जातात. पहिला लिलाव नोव्हेंबर २०१२ मध्ये झाला, जानेवारी २०१३ पासून वीज व उद्योग आणि २०१५ पासून इंधन-वितरकही या बाजारात आले. २०१४ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताचा बाजार याला जोडला गेला. ऑन्टॅरिओ २०१८ मध्ये आला आणि तेथील सरकार बदलताच त्याच वर्षी बाहेर पडला.

सेव्हरिन बोरेन्स्टाइन, जेम्स बुशनेल, फ्रँक वोलॅक व सहकारी या अर्थशास्त्रज्ञांचे विश्लेषण (२०१९) येथे अधिक पटणारे आहे. त्यांच्या मते धोरणाविना उत्सर्जन किती झाले असते, यातील अनिश्चितताच इतकी मोठी होती, की परवान्याची किंमत एक तर नियमांनी ठरवलेल्या किमान दराला चिकटणार किंवा कमाल दराला भिडणार, मधे स्थिरावण्याची शक्यता थोडी. झालेही तसेच. पहिली काही वर्षे किंमत किमान दराच्या आसपास राहिली आणि मे २०१६ च्या लिलावात बहुतांश परवाने पडून राहिले. याचा अर्थ बाजाराच्या दट्ट्याने झालेली घट मर्यादित होती. २००८ नंतरच्या मंदीने मागणी उतरली होती. शिवाय अक्षय विजेची सक्ती, वाहनांचे नियम व इमारतींचे निकष या जुन्या धाटणीच्या नियमांनी बरेच काम केले. उलट बाजूने, सॅन ओनोफ्रे अणुकेंद्र २०१२ च्या आरंभी थांबले ते पुन्हा सुरू झाले नाही आणि पुढील दुष्काळी वर्षांत जलविद्युत घटली. तरीही वीजक्षेत्राचे उत्सर्जन कमीच होत गेले. ही गोष्ट अक्षय विजेच्या सक्तीच्या बाजूने मोठीच साक्ष ठरते.

बाजारातील वनाधारित कार्बन-क्रेडिट, म्हणजे जंगलात कार्बन साठवल्याबद्दल मिळणारे व परवान्याऐवजी चालणारे श्रेय, हा वेगळा वादविषय. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणाने तपासलेल्या क्रेडिटपैकी सुमारे २९ टक्के, म्हणजे ३ कोटी टनांची क्रेडिट वाजवीपेक्षा जास्त दिल्याचा निष्कर्ष काढला. कार्बला तो मान्य नाही.

२०३० चे लक्ष्य : ४३.१ कोटींच्या ४० टक्के खाली म्हणजे सुमारे २५.९ कोटी टन. २०२२ चे उत्सर्जन ३७.१ कोटींच्या घरात होते. आठ वर्षांत ११.२ कोटी टन, म्हणजे दरवर्षी १.४ कोटी टन घट हवी. २०१६ ते २०२२ या सहा वर्षांतील घट महासाथीचा परिणाम धरूनही सरासरी १ कोटीच्या आत आहे. कार्बच्या २०२२ च्या आराखड्यात तर ४८ टक्के घटीचा मार्ग रेखाटला आहे. विधिमंडळाच्या स्वतंत्र विश्लेषण कार्यालयाने जानेवारी २०२३ मध्ये या आराखड्यात २०३० चे लक्ष्य गाठण्याची स्पष्ट योजना नसल्याचे म्हटले. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी, वाहतूक-कार्यक्रमांपैकी कोणत्यामुळे किती घट झाली हे कार्बने पुरेसे मोजलेले नाही, असा ठपका ठेवला होता. वाहतुकीचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या चार दशांशांच्या आसपास असल्याने हा ठपका किरकोळ नव्हे.

आणि वाहतुकीचीच किल्ली वॉशिंग्टनकडे आहे. पॅव्हली कायद्याच्या नियमांना संघशासनाने २००८ मध्ये सूट नाकारली, २००९ मध्ये दिली. पुढे २०१९ मध्ये विजेच्या मोटारींसंबंधीच्या नियमांसह राज्याचा अधिकार काढून घेतला, २०२२ मध्ये परत केला. २०३५ पासून विकली जाणारी प्रत्येक नवी मोटार शून्य-उत्सर्जनाच्या वर्गातली असावी, या नियमाला डिसेंबर २०२४ मध्ये मिळालेली सूट अमेरिकी काँग्रेसच्या (संघीय विधिमंडळाच्या) ठरावाने जून २०२५ मध्ये रद्द झाली व राज्याने न्यायालयात धाव घेतली. परवान्यांचा बाजार मात्र राज्याच्या हाती आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याची मुदत २०४५ पर्यंत वाढवून त्याला ‘कॅप-अँड-इन्व्हेस्ट’ हे नाव देण्यात आले.

इतर राज्ये : ईशान्येकडील राज्यांचा २००९ पासून चालू असलेला सामायिक बाजार केवळ वीजकेंद्रांपुरता आहे. न्यू जर्सी त्यातून बाहेर पडून २०२० मध्ये परतले. व्हर्जिनिया २०२१ मध्ये आले व २०२३ च्या अखेरीस बाहेर पडले.

भारतात घटक राज्यांनी हवामान कृती आराखडे करावेत, असे केंद्राने २००९ मध्ये सुचवले. परंतु उत्सर्जनाची लक्ष्ये राष्ट्रीय आहेत व तीही मुख्यतः तीव्रतेची. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत सकल उत्पादनामागील उत्सर्जनात ४५ टक्के घट. महाराष्ट्रासाठी ‘टेरी’ या संस्थेने २०१४ मध्ये केलेला आराखडा नावाप्रमाणेच अनुकूलनाचा, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचा आहे. मुंबई महानगरपालिकेच्या मार्च २०२२ च्या आराखड्यात मात्र २०१९ हे आधारवर्ष धरून २०३० पर्यंत ३० टक्के, २०४० पर्यंत ४४ टक्के घट आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य अशी लक्ष्ये आहेत. शहराला वीज पुरवणारे डहाणूचे कोळशाचे केंद्र पालिकेच्या हद्दीबाहेर असल्याने हद्दीपलीकडच्या विजेचा प्रश्न तेथेही आहेच.