एमसीबी पडत नाही आणि प्लग मात्र वितळतो, असं का?

"शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे." पेपरात आगीची बातमी आली की हे वाक्य हमखास असतं, आणि दरवेळी ते वाचून मला रुखरुख लागते. शॉर्ट सर्किटने आग लागते हे खरंच आहे, पण घरातल्या वायरिंगमधे गुपचूप आग लावणारं आणखी एक कारण असतं, ते म्हणजे लूज कनेक्शन, आणि त्याचं नाव बातमीत फारसं येतच नाही. शाळेतला ओहमचा नियम आठवत असेल तर ही गोष्ट कागदावर चार ओळीत सापडते, म्हणून हा लेख.

आपला नेहमीचा गिझर घ्या. त्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं २३० व्होल्ट, २००० वॅट. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, म्हणजे २००० ला २३० ने भागलं की करंट मिळाला, साधारण ८.७ अँपिअर. रेझिस्टन्स म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, म्हणून २३० भागिले ८.७, साधारण २६.५ ओहम. हा झाला गिझरमधल्या पाणी तापवणाऱ्या कॉइलचा रेझिस्टन्स. बास, एवढंच गणित, पुढचं सगळं यावरच आहे.

आता शॉर्ट सर्किट. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले, मधे कॉइल नाही, फक्त वायरचा रेझिस्टन्स उरला, समजा १ ओहम. करंट झाला २३० अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) एवढा करंट बघून डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. म्हणजे सगळं नीट बसवलेलं असेल तर या दुखण्यावर इलाज घरात आधीच आहे.

लूज कनेक्शनचं बरोब्बर उलटं होतं आणि मला यातलाच हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. प्लगची पिन सॉकेटमधल्या पितळी पत्तीला टेकते तेव्हा आपल्याला वाटतं पूर्ण पृष्ठभाग टेकलाय, पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पृष्ठभाग डोंगरदऱ्यांसारखे असतात आणि खरा स्पर्श फक्त काही शिखरांच्या टोकांवर होतो, सगळा करंट तेवढ्याच टोकांतून जातो. पत्तीचा दाब चांगला असेल तर अशी टोकं भरपूर, रेझिस्टन्स ओहमच्या काही हजाराव्या भागाइतका, उष्णता नगण्य. पत्ती सैल झाली की टोकं कमी झाली आणि रेझिस्टन्स वाढला.

समजा तो अर्धा ओहम झाला. हा अर्धा ओहम कॉइलच्या सिरीजमधे आहे, एकूण २७, करंट ८.५ अँपिअर, म्हणजे पूर्वीपेक्षा किंचित कमीच! एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल. आरसीसीबी (करंट बाहेर गळला की वीज तोडणारा दुसरा स्विच) असेल तरी तो गप्प, कारण तो जाणारा आणि परत येणारा करंट यातला फरक बघतो आणि इथे फरकच नाही. पण जूलने १८४१ साली दाखवलं तसं उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, ८.५ चा वर्ग ७२, त्याच्या निम्मे ३६ वॅट. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं हो, आणि इथे ३६ वॅट पिनेच्या टोकाशी, बंद प्लास्टिकच्या डबीत! वायरीवरचं साधं पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकायला बनवलेलं असतं. रेझिस्टन्स १ ओहम झाला तर ७० वॅट, आणि गिझरला तरीही १८५० वॅट मिळतायत, पाणी तापतंय, आंघोळीला दोन मिनिटं उशीर होईल, कोणाला संशय येणार?

बरं हे तिथेच थांबत नाही. तापल्यामुळे पत्तीचा ताण जातो, धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, रेझिस्टन्स आणखी वाढतो, त्याने उष्णता आणखी वाढते. कुठपर्यंत? सांध्याचा रेझिस्टन्स र धरला आणि कॉइलचा क, तर सांध्यातली पॉवर येते व्होल्टेजचा वर्ग गुणिले र, भागिले (र अधिक क) चा वर्ग. र वाढवत गेलं की ही पॉवर आधी वाढते आणि नंतर कमी होते, आणि सगळ्यात जास्त कधी, तर र बरोबर क झाला की, तेव्हा ती भरते व्होल्टेजचा वर्ग भागिले ४ क, इथे ५०० वॅट. म्हणजे कागदावर २६.५ ओहमपर्यंत तापणं वाढतच जातं, प्रत्यक्षात प्लग त्याच्या खूप आधी वितळतो, आणि वितळलेल्या इन्सुलेशनमधून वायरी एकमेकींना टेकल्या तर शेवटी शॉर्टही होतो! मग आगीनंतर शॉर्टच्या खुणा सापडतात आणि बातमीत कारण म्हणून तेच छापून येतं.

जाता जाता, ते व्हॉट्सॲपवर फिरणारं 'पॉवर सेव्हर' नावाचं खोकं, सॉकेटला लावा आणि बिल निम्मं करा म्हणणारं, ते शुद्ध फसवणूक आहे. आत बहुतेक वेळा एक कपॅसिटर आणि एक एलईडी असतो. घरगुती बिलातली युनिटं ही प्रत्यक्ष वापरलेल्या ऊर्जेची असतात, आणि गिझरच्या कॉइलला कपॅसिटरने काडीचा फरक पडत नाही. ते पैसे चांगल्या सॉकेटवर घाला.

आपल्या घरातलं सॉकेट असं सैल झालंय का, हे तपासायचं कसं? गिझर अर्धा तास चालवा, मग मेन स्विच बंद करून प्लग काढा आणि बघा. प्लग आणि वायर किंचित कोमट असेल तर ठीक, हात टेकवत नसेल तर नाही. एखादी पिन काळपट किंवा निळसर झालीय, सॉकेटचं भोक पिवळं पडलंय, किंवा जवळपास मासे नसताना माशासारखा वास येतो (तापलेल्या बेकेलाइटसारख्या प्लास्टिकचा असा वास येतो), तर तो पॉइंट वापरणं त्याच क्षणी बंद. वायरमन नुसते स्क्रू आवळून जायला लागला तर थांबवा त्याला. स्क्रूने वायरीचा सांधा घट्ट होतो, ताण गेलेली पत्ती काही परत ताठ होत नाही, आणि जळलेली पिन नव्या सॉकेटची पत्तीसुद्धा खराब करते, म्हणून प्लग आणि सॉकेट दोन्ही एकदमच बदलून घ्या.