फ्रान्सचा राजा आणि सात पोती गहू

दरवर्षी १४ जुलै, म्हणजे फ्रान्सचा राष्ट्रीय दिन, जवळ आला की तोच मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो: लोकांना पाव मिळेना, राणी मारी आंत्वानेत म्हणाली 'मग केक खा', लोक भडकले आणि राज्यक्रांती झाली. राणी असं म्हणाल्याचा कुठलाही पुरावा नाही. रूसोने आपल्या आत्मचरित्रात हे बोल एका अनाम 'थोर राजकन्ये'च्या तोंडी घातले आहेत, आणि तो भाग त्याने लिहिला तेव्हा मारी आंत्वानेत फ्रान्समध्ये आलेलीही नव्हती. उधळपट्टीच्या गोष्टीचंही तसंच. १७८८ मध्ये फ्रेंच सरकारचा खर्च सुमारे ६३ कोटी लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) होता. त्यातले दरबारावर जेमतेम सहा टक्के जात. निम्मे पैसे कर्ज आणि व्याज फेडण्यातच संपत, आणि त्या कर्जाचा मोठा भाग अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला केलेल्या मदतीतून आलेला होता.

मग राजा पडला कशाने? विषमतेने, हे उत्तर शाळेत आपण सगळ्यांनी लिहिलंय. धर्मगुरू पहिला वर्ग, सरदार दुसरा, उरलेले सगळे तिसरा. करांचं ओझं मुख्यतः तिसऱ्यावर. उत्तर बरोबरच आहे. पण ही विषमता शेकडो वर्षं जुनी होती, ती १७८९ मध्येच का पेटली? हे कळायला एका शेतकऱ्याचा हिशेब मांडावा लागतो. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, प्रमाणं मात्र त्या काळाला धरून आहेत.

समजा, दोन पोती बियाणं पेरून चांगल्या वर्षी दहा पोती गहू येतो. एक पोतं चर्चला दशमांश म्हणून जातं. जमिनीवर ज्या सरदाराचा हक्क आहे, तो 'शांपार' म्हणजे पिकातला वाटा घेतो. तो गावोगाव वेगळा असे, आपण एक पोतं धरू. पुढच्या पेरणीला दोन पोती बाजूला. घरच्यांना वर्षभर खायला पाच. उरलं एक पोतं, ते वीस लिव्रला विकून राजाचा 'ताय' हा कर भरायचा. कसंबसं भागतं.

आता पीक सातच पोती आलं. दशमांश आणि शांपार मिळून १.४ पोती गेली. बियाण्याला मात्र दोनच लागतात, शेत काही लहान झालेलं नाही. हातात राहिली ३.६ पोती. पोटाला पाच हवीत, म्हणजे १.४ कमी पडली. जेवढी दिली, नेमकी तेवढीच! टंचाईमुळे भाव दुप्पट, म्हणून ती १.४ पोती ५६ लिव्रला विकत घ्यावी लागणार, आणि तीही बहुधा त्याच कोठारातून जिथे ती पोचती केली होती. कोठारवाल्यांचं काय? चांगल्या वर्षी त्यांना मिळालेल्या दोन पोत्यांची किंमत होती ४० लिव्र. वाईट वर्षी १.४ पोत्यांची झाली ५६. गारपीट शेतकऱ्याच्या शेतावर झाली आणि उत्पन्न सरदाराचं वाढलं.

ही गणिताची करामत तीन गोष्टींतून येते. बियाणं आणि पोट पिकाबरोबर आकसत नाहीत, म्हणून पीक ३० टक्के घटलं तरी वाटे आणि बियाणं वजा जाता शेतकऱ्याच्या हाती उरणारं धान्य ४० टक्के घटतं आणि तो विकणाऱ्याचा घेणारा होतो. वाटा धान्यात घेतला जातो, म्हणून भाववाढीचा फायदा घेणाऱ्याला. आणि अन्नाची मागणी लवचीक नसते. सतराव्या शतकातल्या ग्रेगरी किंग या इंग्रजाच्या नावाने ओळखला जाणारा अंदाज असा: धान्य दहा टक्के घटलं की भाव तीस टक्के वाढतो, वीस टक्के घटलं की ऐंशी, तीस टक्के घटलं की एकशे साठ. अशी भाववाढ विषमतेत मिसळली की ती गरिबाच्या अंगावर अनेक पटींनी आदळते.

१७८८ मध्ये नेमकं हेच घडलं. आधी दुष्काळी हवामान, मग १३ जुलैला उत्तर फ्रान्सभर प्रचंड गारपीट, मग इतका कडक हिवाळा की नद्या गोठून पाणचक्क्या बंद पडल्या. असलेला गहूही दळता येईना. पॅरिसमध्ये चार पौंड वजनाचा पाव आठ-नऊ सूवरून (वीस सूंचा एक लिव्र) फेब्रुवारी १७८९ पर्यंत साडेचौदा सूवर गेला. साध्या मजुराची रोजची कमाई वीस ते तीस सू, आणि चौघांच्या घराला दिवसाला असे दोन पाव लागत. सगळी कमाई पावावर गेली की कापड कोण घेणार? म्हणून विणकरांचे मागही थंडावले.

काही जण याचं श्रेय १७८३ च्या आइसलँडमधल्या लाकी ज्वालामुखीला देतात. त्याची गंधकाची धूळ हवेतून एक-दोन वर्षांत खाली बसते. पाच वर्षांनंतरची गारपीट तिच्या माथी मारायला भक्कम आधार नाही. आणि सोळाव्या शतकातल्या नोस्ट्रॅडॅमस या भविष्यवेत्त्याने हे सगळं आधीच लिहून ठेवलं होतं म्हणणाऱ्यांनी १७८८ च्या आधी त्या ओळींवरून कुणी गहू साठवला होता का, एवढं दाखवावं.

शिवाय १७७५ मध्येही पिठाच्या भावावरून दंगे झाले होते, आणि ते सैन्याने मोडून काढले. फरक राजाच्या तिजोरीचा होता. १७८७ मध्ये सर्वांच्या जमिनीवर सारखा कर लावायची योजना सरदार-धर्मगुरूंच्या सभेने हाणून पाडली, ऑगस्ट १७८८ मध्ये खजिन्याने देणी थांबवली, आणि नाइलाजाने तिन्ही वर्गांची सभा बोलवावी लागली. त्यासाठी गावोगाव लोकांना आपल्या तक्रारी वहीत लिहायला सांगितलं गेलं. म्हणजे पाव सर्वांत महाग असतानाच, हा पैसा जातो कुठे हे लोकांनी एकत्र बसून कागदावर उतरवलं.

१२ जुलै १७८९ ला आर्थर यंग या इंग्रज शेतीतज्ज्ञाला पूर्व फ्रान्सच्या एका चढावर एक बाई भेटली. त्याला ती साठ-सत्तरीची वाटली, होती अठ्ठावीसची. सात मुलं, जमिनीचा तुकडा, एक गाय, एक मरतुकडा घोडा. एका सरदाराला ४२ पौंड गहू आणि तीन कोंबड्या, दुसऱ्याला ओट, एक कोंबडी आणि एक सू, वर राजाचे कर. दोन दिवसांनी बास्तीय हा पॅरिसमधला तुरुंग-किल्ला लोकांच्या हाती पडला.

त्यानंतरच्या आठवड्यांत शेतकऱ्यांनी गढ्यांवर धाडी घातल्या त्या अनेक ठिकाणी एका विशिष्ट वस्तूसाठी: हक्कांच्या नोंदवह्या. त्या अंगणात आणून जाळल्या. ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेने (तिन्ही वर्गांच्या सभेचंच हे नवं रूप) सरंजामी हक्क रद्द केल्याचं जाहीर केलं, पण जमिनीवरचे वाटे शेतकऱ्यांनी पैसे मोजून सोडवून घ्यायचे, अशी मेख ठेवली. गावकऱ्यांनी ती मानली नाही. राजेशाही २१ सप्टेंबर १७९२ ला गेली. ते वाटे भरपाईशिवाय संपले १७ जुलै १७९३ च्या कायद्याने, आणि त्या कायद्यातच उरलेले दस्तऐवज जाळून टाकण्याचा हुकूम होता.