"सीआरपी 212 म्हणजे किती सीरियस?"

पावसाळ्यात आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न वरचेवर येतो. परवा नौपाड्यातला एक मुलगा आला. वडील न्यूमोनियाने आयसीयूत, रात्रभर बाहेर बाकावर बसून याचे डोळे तांबारलेले. मोबाईलवरचा रिपोर्ट पुढे करून म्हणाला, "मॅडम, बाबांचा सीआरपी 212 आला. वाचतील ना?"

सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, अंगात दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन. त्याचा शोधच न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात लागला. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना दिसलं, की न्यूमोकॉकस जंतूपासून काढलेल्या 'सी' नावाच्या अंशात आजारी माणसाचं सीरम मिसळलं की साका बसतो. माणूस बरा झाला की त्याच्या सीरमने साका बसेनासा होतो.

पण सीआरपी बनतं कुठे? फुप्फुसात नाही, यकृतात. फुप्फुसात दाह सुरू झाला की पेशी इंटरल्यूकिन-6 नावाचा निरोप रक्तात सोडतात आणि तो मिळाल्यावर यकृत कामाला लागतं. यात वेळ जातो. आजाराच्या पहिल्या काही तासांत आकडा कमी दिसू शकतो, शिखर साधारण 48 तासांनी येतं. दाह थांबला की रक्तातलं प्रमाण जवळपास 19 तासांत निम्मं होतं. म्हणून मला 212 पेक्षा कालचा आकडा हवा असतो. काल 90 होता की 340? औषधं चालू असून तीन-चार दिवसांत तो निम्म्यावर आला नाही, तर डॉक्टरांना विचार करावा लागतो: अँटिबायोटिक लागू पडत नाही का, छातीत पू झालाय का?

एक गोष्ट कळकळीने सांगते. रिपोर्टवरचं एकक बघा. कुठे मिलिग्रॅम प्रति लिटर छापतात, कुठे प्रति डेसिलिटर. दोन्हींत दहापट फरक. एका आजींचा सीआरपी रातोरात 14 चा 140 झाला म्हणून घरात रडारड झाली होती. लॅब बदलली होती, आजार होता तिथेच होता.

सीआरपीच्या जोडीला रक्तात आणखी दोन गोष्टी मोजतात: प्रोकॅल्सिटोनिन जिवाणूंच्या संसर्गात जास्त चढतं, लॅक्टेट पेशींना प्राणवायू आणि रक्तपुरवठा अपुरा पडत असल्याची शंका दाखवतं. तेही एकेकटे वाचायचे नसतात.

"वाचतील का" यापेक्षा "कोणतं औषध द्यावं" याला आकडा जास्त चांगलं उत्तर देतो, असं माझं मत आहे. कोविडमध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीत प्राणवायू कमी पडणारे आणि सीआरपी 75 किंवा त्याहून जास्त असलेले रुग्ण निवडून त्यांतल्या निम्म्यांना टोसिलिझुमॅब हे दाह आवरणारं औषध दिलं. 2021 मध्ये निकाल आला: नेहमीच्या उपचारांत 28 दिवसांत 35 टक्के दगावले, हे औषध मिळालेल्यांत 31 टक्के. शंभरामागे चार माणसं. त्यांतली नेमकी कोणती चार, हे मात्र कुठलीच रक्ततपासणी सांगत नाही. टक्का गटाचा असतो, आणि काउंटरवर उभा असतो एकाच बापाचा मुलगा.

खुद्द फुप्फुसाची खबर देणारे रेणूही आहेत. वायुकोशाची, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशवीची, भिंत जेमतेम अर्धा मायक्रॉन जाडीची. तिच्या हवेकडच्या पेशी फाटल्या की आरएजीई नावाच्या प्रथिनाचे तुकडे रक्तात उतरतात, रक्ताकडचं अस्तर दुखावलं की अँजिओपोएटिन-2 वाढतं. कुठली बाजू किती मोडली हे त्यातून कळण्याची आशा आहे, पण ते अजून मुख्यतः संशोधनात वापरतात.

त्या मुलाला मी म्हटलं, "पुढचा रिपोर्ट आला की तारीख आणि वेळ टाकून याच्याखाली लिही." दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "मॅडम, 64 झाला!" आवाजात केवढा आनंद. मला विचारावं लागलं, टोसिलिझुमॅब दिलं का? कारण ते औषध इंटरल्यूकिन-6 चा निरोपच अडवतं, मग फुप्फुस सुधारलेलं नसलं तरी सीआरपी उतरतो. नव्हतं दिलं. मग विचारलं, "ऑक्सिजन किती लागतोय?"

"काल दहा लिटर होता," तो म्हणाला, "आज सहा."