कंट्रोल-सीचे दोन अर्थ : कमांड प्रॉम्प्टच्या शिकवणीची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, भुसावळ येथील संगणक वर्गांत नव्वदच्या दशकात शिकलेल्या पिढीला काळ्या पडद्यावर लुकलुकणारी बारीक रेघ हीच संगणकाची पहिली ओळख होती. यातील काही वर्ग टायपिंग इन्स्टिट्यूटच्याच जागेत सुरू झाले होते. तिथल्या विद्यार्थ्यांची बोटे आधीच कळफलकावर बसलेली असल्यामुळे माऊस नसल्याचे त्यांना काही वाटले नाही. डॉस या टाइप केलेल्या आदेशांवर चालणाऱ्या कार्यप्रणालीचे एमडी, सीडी, आरडी (फोल्डर बनवणे, बदलणे, काढणे), सीएलएस (पडदा पुसणे) असे आदेश पाढ्यांसारखे पाठ केले जात. एफ-३ दाबले की मागची ओळ पुन्हा येते, एवढा शॉर्टकट माहीत असलेला मुलगा वर्गात हुशार ठरे. बाणाच्या कळीने मागचे आदेश शोधण्याची सोय डॉसमध्ये १९९१ च्या पाचव्या आवृत्तीबरोबर आली, तीही डॉसकी नावाचा छोटा प्रोग्राम आधी चालू केला तरच मिळे.

पुढे खिडक्या आणि चित्रे आली, तरी ‘डॉस उघड’ हा शब्दप्रयोग राहिला. आजची काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, ही डॉस नव्हे; ती १९९३ च्या विंडोज एनटीबरोबर आलेल्या वेगळ्या प्रोग्रामची आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून तर घरगुती संगणकांच्या पायातूनही डॉस गेला. शिकवणाऱ्यांनी हा फरक क्वचितच सांगितला, आणि एकंदरीत त्याने फारसे बिघडलेही नाही.

खरा गोंधळ कंट्रोल-सीने घातला. वर्डमध्ये या कळा मजकूर कॉपी करतात, तर काळ्या खिडकीत त्या चालू काम थांबवतात. विद्यार्थ्याने चालू आदेशाचे उत्तर कॉपी करायला जावे आणि आदेशच अर्ध्यावर तुटावा, हा प्रकार इतका नेहमीचा होता की त्याला नियम समजून ‘डॉसमध्ये कॉपी होत नाही’ असे वहीत लिहून दिले जाई. हे खरे नव्हते. मथळ्याच्या पट्टीवर उजवी क्लिक करून ‘मार्क’ निवडायचे, मजकुरावरून माऊस ओढायचा आणि एंटर दाबायचे, अशी वाट होती.

दोन अर्थांपैकी थांबवण्याचा अर्थ जुना आहे. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की या मानकात तिसरा क्रमांक ‘मजकूर संपला’ या खुणेचा असून सी हे इंग्रजीतील तिसरे अक्षर असल्यामुळे कंट्रोलसोबत ते दाबले की तीच खूण उमटते. साठ-सत्तरच्या दशकांतील मोठ्या संगणकांवर ती काम तोडण्यासाठी वापरली गेली आणि तिथून डॉसपर्यंत पोहोचली. कॉपीचा अर्थ ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकांच्या घराण्यातला आहे. तिथे या कामासाठी कमांड ही स्वतंत्र कळ असल्याने दोन अर्थांची टक्कर होण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडच्या संगणकांवर तशी कळ नव्हती. विंडोजमध्ये आधी कंट्रोल-इन्सर्टने कॉपी आणि शिफ्ट-इन्सर्टने पेस्ट होत असे. १९९२ च्या ३.१ आवृत्तीत एक्स, सी आणि व्ही या शेजारच्या कळा कंट्रोलवर आणल्या गेल्या आणि एकाच जोडीवर दोन कामे येऊन पडली. बोटांच्या सोयीचा विचार झाला, पण काळ्या खिडकीचा मात्र झाला नाही, असे म्हणणे भाग आहे.

२००२ नंतर राज्यभर पसरलेल्या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने माऊसला अग्रस्थान दिले आणि आदेश बाजूला पडले. त्या वर्षांत एकच शॉर्टकट समजावून सांगावा लागला नाही, तो काम जतन करणारा कंट्रोल-एस. भारनियमनाने तो आपोआप शिकवला.

कंट्रोल-सीचा वाद २०१५ च्या विंडोज १० मध्ये तडजोडीने मिटवण्यात आला. काळ्या खिडकीत मजकूर निवडलेला असेल तर या कळा कॉपी करतात, नसेल तर काम थांबवतात. कंट्रोल-व्हीने पेस्टही होते. मात्र चालू आदेश तोडायचा असताना चुकून मजकूर निवडलेला राहिला, तर पहिल्या दाबण्याने केवळ कॉपी होते आणि त्याच कळा दुसऱ्यांदा दाबाव्या लागतात. ज्या प्रयोगशाळांत विंडोज ७ चे संगणक अजून चालू आहेत, तिथे ‘मार्क’ आणि एंटरचीच जुनी वाट शिकवावी लागते.