पहिला अल्बम, आणि त्याआधीचे नऊ ट्रॅक

नाशिकच्या सिडकोतल्या चौघांच्या हिपहॉप गटाने पोस्टरवर ‘पहिला अल्बम’ असं ठळक छापलंय आणि वाद तिथूनच पेटलाय. पवननगरपासून सातपूरपर्यंत जे या पोरांना सुरुवातीपासून ऐकतात त्यांचा सवाल सरळ आहे: मग ती नऊ ट्रॅकची मिक्सटेप, म्हणजे आधी स्वतःच काढलेला गाण्यांचा संच, काय होती?

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १९७३ साली हिपहॉप सुरू झालं वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते पुन्हा उगाळत नाही. हिपहॉप मुळात अल्बमसाठी जन्मलेलंच नव्हतं, एवढं ध्यानात घ्या. आधी पार्ट्या होत्या, मग त्या पार्ट्यांच्या हातोहात फिरणाऱ्या कॅसेट. १९७९ साली या ढंगाच्या गाण्याची पहिली रेकॉर्ड अमेरिकाभर गाजली तीही बारा इंची सिंगल होती. न्यूयॉर्कमधल्याच क्वीन्सच्या रन-डीएमसी या त्रिकुटाच्या पहिल्या अल्बमला १९८४ साली अमेरिकेत गोल्डचा शिक्का मिळाला आणि अल्बमला वजन आलं. ‘पहिला कोणता’ हा घोळही साधारण तेव्हापासूनचाच. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनच्या एनडब्ल्यूए या रॅप गटाच्या नावावर १९८७ साली एक रेकॉर्ड आली. कव्हरवर मित्रमंडळींची गर्दी, आत गटाची स्वतःची गाणी मोजकी, बाकी इतरांची. १९८८ साली त्यांनी जे आणलं त्याने खळबळ उडाली आणि आज पहिला म्हणून तेच धरलं जातं. आधीची रेकॉर्ड संकलन म्हणून बाजूला पडली.

नाशिकच्या रॅपबद्दल लिहिताना थेट शाहिरीला हात घालायची हल्ली पद्धतच पडली आहे. धागा खोटा नाही. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचं हे गाव, आंबेडकरी जलसे या जिल्ह्याने पाहिले, आणि वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांची गाणी ऐकतच ही पोरं वाढली. पण माइक हातात घ्यावासा वाटला तो त्यामुळे नाही. २०१५ पासून मुंबईच्या गल्ल्यांमधलं रॅप यूट्यूबवर दिसायला लागलं, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा फुकटात मिळायला लागला. त्याआधी एक व्हिडिओ पाहायला बॅलन्स संपायचा, त्यानंतर रात्ररात्र पाहणं सुरू झालं. २०१९ साली गल्लीतल्या रॅपरवरचा हिंदी सिनेमा आला तोवर सिडकोत गोधड्या टांगलेल्या खोल्यांमध्ये रेकॉर्डिंग चालू होतं. सुरुवातीला भाषा हिंदी, तीही मुंबईच्या उसन्या वळणाची. मराठी नंतर आली, आणि आली तेव्हा ‘काय रे भो’सकट आली.

मिक्सटेप याच काळातली. तिच्या बीट, म्हणजे शब्दांमागचं तयार संगीत, इंटरनेटवरून उतरवलेल्या ‘टाइप बीट’ होत्या, म्हणजे एखाद्या बड्या रॅपरच्या ढंगात कुणीतरी बनवून ठेवलेल्या. अशा बीटवर ‘फ्री’ लिहिलेलं असतं, पण बहुतेक वेळा ते कमाई न करण्याच्या बोलीवर. स्ट्रीमिंगवर टाकायची तर लीज, म्हणजे वापराचा परवाना, घ्यावी लागते. स्वस्त लीजला स्ट्रीमची मर्यादा असते, आणि तीच बीट उद्या दुसऱ्या कुणालाही मिळू शकते. मिक्सटेपचा चौथा ट्रॅक अंबडच्या कंपनीतल्या तिसऱ्या पाळीवर आहे. अजूनही तो लावला की पहिल्या ओळीआधी एक परदेशी बाई बीटवाल्याचं नाव कुजबुजते आणि मग लगेच ‘पंचिंग मशीन’ ही ओळ सुरू होते. कॉपीराइटची पहिली तक्रार आल्यावर गटाने सगळे नऊ ट्रॅक स्वतःच काढून टाकले. यूट्यूबवर ९० दिवसांत असे तीन तक्रारींचे ठपके, म्हणजे स्ट्राइक, बसले की चॅनेलच जातं, त्यामुळे त्यात शहाणपण होतं. गाणी आता व्हॉट्सॲपवर फिरतात.

लॉकडाऊनमध्ये सहा ट्रॅक आले, यावेळी बीट स्वतःच्या. पण गाणी स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्या कंपन्यांचा नियम असा की सात किंवा जास्त ट्रॅक असतील, नाहीतर एकूण लांबी अर्ध्या तासावर जात असेल, तरच अल्बम. चार ते सहा ट्रॅक अर्ध्या तासात संपले की ईपी, म्हणजे अल्बमहून छोटा संच. म्हणजे मिक्सटेप कागदावर कुठे नाहीच आणि लॉकडाऊनवाली ईपी ठरली. गट म्हणतो, आत्ताचाच पहिला. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे. मराठीसह अनेक भाषांत रॅप करणाऱ्या मुंबईच्या एका गटाचा पहिला अल्बमही कित्येक वर्षांच्या सिंगल आणि सभा-आंदोलनांनंतर २०२० साली आला, आणि त्यावर कुणी हरकत घेतली नाही.

इथे हरकत आहे ती वेगळ्या कारणाने. मिक्सटेपच्या वेळी गटात पाच जण होते. पाचव्याने नऊपैकी बहुतेक हुक, म्हणजे गाण्यात परत परत येणाऱ्या ओळी, लिहिले, मग चाकणला नोकरी लागली आणि तो गेला. भांडण झालं नव्हतं. आता ‘पहिला अल्बम’ म्हटलं की गटाचा इतिहास चौघांपासून सुरू होतो. कार्यक्रमात समोरची गर्दी अजून ज्या ओळी तोंडपाठ म्हणते त्या त्याच्या, हे नव्या ऐकणाऱ्याला कळायला वाव राहत नाही. ट्रॅक किती आणि मिनिटं किती हे कंपनीच्या फॉर्मला विचारावं, पण गट कधी जन्मला हे त्या फॉर्मला का विचारायचं?

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली आणि तिचा या अल्बमवर उघड परिणाम दिसतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये ‘५० खोक्यां’वरच्या रॅपवरून छत्रपती संभाजीनगरच्या रॅपरवर गुन्हा दाखल झाला, त्याच महिन्यात पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत चित्रित केलेल्या व्हिडिओतल्या शिव्यांवरून दुसऱ्यावर. ओळी छापल्याबद्दल खटला नाशिकला नवा नाही. १९०९ साली कविता प्रसिद्ध केल्याबद्दल इथल्या माणसाला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, अर्थात ती तुलना ताणण्यात मजा नाही. एप्रिलनंतर घरोघरी आया विचारू लागल्या, ‘तू काय लिहितोस रे?’ अल्बममध्ये शिव्या जवळजवळ नाहीत. मंत्र्यांऐवजी महापालिकेवर, खड्ड्यांवर आणि कुंभमेळ्याच्या कामांवर जास्त आहे.

मिक्सटेपमधली दोन गाणी नव्या बीटवर पुन्हा रेकॉर्ड झाली आहेत. एकात विसर्जन मिरवणुकीत फोनवर टिपलेला नाशिक ढोल कापून बसवलाय, आणि तो तिथे टाइप बीटपेक्षा कितीतरी घट्ट बसतो. तिसऱ्या पाळीचं गाणं घेतलेलं नाही. घेतलेल्या दोन्ही ट्रॅकवर पाचव्याचं नाव गीतकार म्हणून आहे, गटाच्या नावांत नाही.