एस्पोझितो: एक आडनाव, हजारो मूळपुरुष

इटलीत सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांमध्ये रोस्सी, रुस्सो आणि फेर्रारी यांच्या पाठोपाठ एस्पोझितो हे नाव येते आणि नेपल्स शहरात तर त्याचा पहिला क्रमांक लागतो. रोस्सी आणि रुस्सो ही आडनावे तांबूस केसांच्या माणसांना लोकांनी ठेवलेल्या नावांवरून आली आणि फेर्रारी लोहारकामावरून आले. तांबड्या केसांचा एखादा माणूस आणि एक लोहार गावोगावी असणारच, त्यामुळे ही आडनावे अनेक ठिकाणी आपापली निर्माण झाली यात नवल नाही. एस्पोझितोची गोष्ट निराळी आहे, कारण ते रूपावरून, धंद्यावरून किंवा गावावरून पडलेले नाही. ते नेपल्सच्या एका संस्थेच्या दप्तरात, कारकुनांच्या हातून, पिढ्यानपिढ्या वाटले गेले.

लॅटिनमधील ‘एक्स्पोसितुस’ या शब्दाचा अर्थ ‘बाहेर ठेवलेला’ असा होतो. आईवडिलांनी चर्चच्या दाराशी किंवा धर्मादाय रुग्णालयाच्या पायरीवर सोडून दिलेल्या बाळाची नोंद करताना हा शब्द वापरला जाई. आरंभी ते आडनाव नव्हतेच, केवळ बाळ कसे मिळाले याचे वर्णन होते. मात्र १५६३ मध्ये समाप्त झालेल्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेनंतर प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागात, बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदवह्या ठेवणे सक्तीचे झाले, नोंदीसाठी माणसाला कायमचे आडनाव असणे सोयीचे ठरू लागले आणि ज्याच्या पित्याचे नाव ठाऊक नाही त्याच्यापुढे हे वर्णनच आडनाव म्हणून चिकटले.

नेपल्समधील अनुंत्सियाता ही चौदाव्या शतकातील धर्मादाय संस्था या आडनावाचा मुख्य उगम मानली जाते. तिच्या भिंतीत बसवलेले ‘चाक’ म्हणजे उभ्या आसावर फिरणारा, एका बाजूने उघडा असलेला लाकडी पिंपासारखा कप्पा होता. बाहेरून आलेली व्यक्ती बाळाला त्यात ठेवून कप्पा फिरवी. उघडी बाजू आत वळली की तेथे पाळीवर असलेली बाई बाळ उचलून घेई. या रचनेमुळे बाळ ठेवणाऱ्याचा चेहरा आतल्या माणसाला दिसत नसे. आत आल्यावर बाळाला स्वच्छ करून बाप्तिस्मा दिला जाई, त्याच्या अंगावरील कपड्यांचे आणि खुणांचे वर्णन वहीत उतरवले जाई आणि ते संस्थेचे आहे हे कळावे म्हणून गळ्यात शिशाची मुद्रा अडकवली जाई. काही बाळांसोबत अर्धे कापलेले पदक किंवा देवाच्या चित्राचा फाटका तुकडा सापडे. उरलेला अर्धा भाग आईवडील जपून ठेवत, म्हणजे पुढेमागे दिवस पालटल्यास मूल ओळखून परत नेता यावे. अशी मुले केवळ अविवाहित मातांचीच असत हा समज चुकीचा आहे; विवाहित जोडप्यांनी निव्वळ दारिद्र्यापायी सोडलेल्या मुलांचेही प्रमाण इटलीतील अनेक शहरांत मोठे होते.

इतर शहरांनी आपल्या मुलांना वेगळी आडनावे दिली. फिलिपो ब्रुनेलेस्कीने आराखडा केलेले फ्लॉरेन्सचे अनाथालय १४४५ मध्ये सुरू झाले. तेथील मुलांना ‘निरागस’ म्हटले जाई, त्यावरून इनोचेंती, देल्यिनोचेंती, नोचेंतीनी अशी आडनावे निघाली. रोममध्ये ‘फेकलेला’ या अर्थाचे प्रोयेत्ती रूढ झाले आणि ते आजही प्रामुख्याने रोमच्या परिसरातच सापडते. मिलानच्या संस्थेचे चिन्ह कबुतर होते, म्हणून तेथील मुले कोलोंबो झाली. अर्थात कोलोंबो हे मुळात एक जुने व्यक्तिनामही आहे, त्यामुळे प्रत्येक कोलोंबोच्या घराण्यात अनाथ पूर्वज शोधणे बरोबर नाही. एस्पोझितोबाबत मात्र दुसरा उगम संभवत नाही, आणि माझ्या मते त्यामुळेच ते अभ्यासकांसाठी या सर्वांत अधिक मोलाचे आहे.

आता प्रश्न लोकप्रियतेचा. एखादे आडनाव फार लोकांना असेल, तर त्या घराण्यात मुलगे पुष्कळ झाले असतील असे आपण गृहीत धरतो. हाच विषय गणिताने एकोणिसाव्या शतकात हाताळला. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन याने १८७३ मध्ये असा प्रश्न मांडला की, आडनाव केवळ मुलग्यांकडून पुढे जात असेल तर घराणी नामशेष होण्याची शक्यता किती? गणितज्ञ हेन्री वॉटसनच्या सहकार्याने पुढच्याच वर्षी त्यावर लेख प्रसिद्ध झाला. वॉटसनच्या आकडेमोडीत एक चूक होती, ती पुढे इतरांनी दुरुस्त केली. तरी ही पद्धत आज दोघांच्या नावाने ओळखली जाते. तिचे सार असे की, प्रत्येक पुरुषाला सरासरी एकच मुलगा होत असेल, तर कोणतेही एक घराणे कधी ना कधी संपतेच. कोणाला तीन मुलगे होतात, कोणाला एकही होत नाही, आणि केवळ योगायोगाच्या या खेळात बहुतेक आडनावे पुसली जाऊन थोडीच फोफावतात.

एस्पोझितो या गणितात बसते, पण एका दुरुस्तीसह. त्याच्या वाट्याला प्रत्येक वर्षी नवे मूळपुरुष येत राहिले. एक वंश खुंटला तरी चाकातून आलेल्या दुसऱ्या मुलापासून नवा सुरू होई. अर्थात आत आलेले प्रत्येक मूल वंशाचा आरंभ ठरले नाही. अनाथालयांतील बालमृत्यूचे प्रमाण भयंकर होते आणि मुलींचे आडनाव पुढच्या पिढीकडे सहसा जात नसे. तरीही दोन-तीन शतके न थांबता होणारी ही भर एवढी मोठी होती की आडनाव संपण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. अंगावर पाजण्यासाठी मुले खेड्यांतील दायांकडे सोपवली जात, त्यामुळे ते शहराबाहेरच्या कांपानिया प्रांतातही पसरले.

या आडनावातून जन्माची कथा उघड होई, ही गोष्ट राज्यकर्त्यांनाही खटकली. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी नेपल्सचा राजा झोआकिम म्यूरा याच्या राजवटीत ते नव्या मुलांना देण्यास मनाई झाली आणि कारकून वेगवेगळी आडनावे कल्पून लिहू लागले. चाक स्वतः १८७५ मध्ये बंद झाले. आजच्या इटालियन कायद्यानुसारही, ज्याचे आईवडील अज्ञात आहेत अशा मुलाला तसा जन्म सूचित होईल असे नाव किंवा आडनाव देता येत नाही. तोवर जे एस्पोझितो झाले होते त्यांच्या पिढ्या मात्र वाढतच राहिल्या आणि दक्षिण इटलीतून झालेल्या मोठ्या स्थलांतरासोबत हे नाव अमेरिका, कॅनडा आणि अर्जेंटिनापर्यंत गेले. कॅनडाचा आइस हॉकीपटू फिल एस्पोझितो किंवा अभिनेता जियानकार्लो एस्पोझितो यांच्यामुळे ते आता जगभर परिचित आहे.

योगायोग असा की, चाक बंद झाले त्याच १८७५ साली चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज डार्विन याने आडनावांचा वैज्ञानिक उपयोग करून दाखवला. समान आडनाव असलेल्या वधूवरांच्या विवाहांवरून चुलत, मामे, आते आणि मावस भावंडांमधील विवाहांचे इंग्लंडमधील प्रमाण त्याने अंदाजले. (त्याचे स्वतःचे आईवडील मामे-आते भावंडे होते, त्यामुळे या विषयात त्याला घरगुती स्वारस्य असणे समजण्यासारखे आहे.) पुढे जनुकशास्त्रज्ञांनी हे तंत्र विकसित केले. इटलीत लुइजी लुका काव्हाली-स्फोर्झा आणि त्यांचे सहकारी आंतोनियो मोरोनी, जे स्वतः धर्मगुरू होते, यांनी पार्मा परिसरातील चर्चच्या वह्या आणि नात्यातील लग्नासाठी चर्चने दिलेले परवाने तपासून लोकसंख्येच्या जनुकीय रचनेचा अभ्यास केला.

या सर्व पद्धतींमागे एक गृहीतक आहे: समान आडनाव म्हणजे समान पूर्वज. वाय गुणसूत्रही आडनावाप्रमाणे पित्याकडून मुलाकडे जाते, म्हणून दोहोंची वाट एकच असावी. ब्रिटनमधील संशोधनात विरळ आडनावांच्या पुरुषांमध्ये हे खरे ठरले. एकाच विरळ आडनावाच्या अनेकांची वाय गुणसूत्रे एकमेकांशी जुळली. स्मिथसारख्या आडनावात मात्र, जे अनेक ठिकाणच्या लोहारांपासून सुरू झाले, असे साम्य दिसले नाही. एस्पोझितो या टोकाच्याही पलीकडे आहे. नेपल्समध्ये दोन एस्पोझितो एकमेकांशी विवाह करतात तेव्हा त्यांचे पूर्वज समान असण्याची शक्यता इतर कोणत्याही दोन नेपल्सवासीयांहून फारशी अधिक नसते. अशा विवाहांना सरसकट नात्यातील विवाह मानले तर कांपानियातील नात्यांचे प्रमाण फुगून दिसेल, म्हणून अनाथालयांतून आलेली आडनावे अशा हिशेबात इतरांपासून वेगळी काढावी लागतात.

इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने २०२२ मध्ये मुलाला आपोआप केवळ पित्याचेच आडनाव देण्याचा नियम रद्द केला. आता आईवडिलांनी वेगळे ठरवले नाही तर मुलाला दोघांचीही आडनावे मिळतात. त्यामुळे एस्पोझितो आता आयांकडूनही पुढे जाऊ शकेल, आणि यापुढे जन्मणाऱ्या इटालियन पिढ्यांच्या बाबतीत आडनावावरून वाय गुणसूत्राचा माग काढणाऱ्यांना कोणते आडनाव कोणाकडून आले याची जन्मनोंद आधी पाहावी लागेल.