सिनेमा, टीव्ही, कॉमिक्स, कार्टून: नागपूरचा फ्रीलान्सर चारही का लिहितो

नागपुरात कोणाला सांगितलं की मी मुक्त पत्रकार आहे, सिनेमावर लिहितो, टीव्हीवर लिहितो आणि कॉमिक्स-अ‍ॅनिमेशनवर पण लिहितो, तर पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, म्हणजे नक्की कोणत्या पेपरात? आणि त्याच्या मागोमाग, काऊन बा, नोकरी काऊन नाही करत? प्रश्न चुकीचा नाहीये, फक्त त्याचं उत्तर बरंच मागं जाऊन सांगावं लागतं.

७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा खेळ झाला आणि सिनेमा आपल्या पेपरांत पहिल्यांदा आला तो जाहिरात म्हणून. पुढे १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र आला, आणि १९१७-१८ मध्ये त्यांनी नवयुग मासिकात भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली, म्हणजे मराठीत सिनेमावर मनापासून, तपशिलात लिहिणाऱ्या पहिल्या लोकांत खुद्द सिनेमा करणारा माणूसच होता. मला यातली जास्त आवडणारी गोष्ट ही की ह्याच फाळक्यांनी आगकाड्या हलवून एक छोटी फिल्म केली होती, आगकाड्यांची मौज, म्हणजे आज आपण ज्याला स्टॉप मोशन म्हणतो ते. प्रभातनं पण १९३४ च्या सुमारास जंबूकाका नावाचं कार्टून केलं. म्हणजे सुरुवातीला हे सगळं एकाच छपराखाली होतं, सिनेमा वेगळा आणि कार्टून वेगळं असं काही कोणी ठरवलेलं नव्हतं.

वेगळं केलं ते छापणाऱ्यांनी. १९३५ ला बाबुराव पटेलांचं फिल्मइंडिया सुरू झालं, १९५१ ला स्क्रीन, १९५२ ला फिल्मफेअर, सगळी मुंबईची, आणि त्यांच्या मध्यभागी स्टार होता. स्टारची मुलाखत, स्टारचा फोटो, स्टुडिओत कोण काय बोललं. मराठीत नाशिकहून रसरंग निघायचं, इसाक मुजावरांसारखी माणसं त्यात लिहायची आणि त्यांच्यामुळे मराठी सिनेमाची कितीतरी माहिती आज शिल्लक आहे, त्याबद्दल त्यांचं ऋण मानायलाच पाहिजे. पण या धंद्याची घडी बसली ती स्टुडिओच्या दारात उभं राहू शकणाऱ्यासाठी. नागपूरचा माणूस दारात कसा उभा राहणार, विदर्भ एक्सप्रेसची एक रात्र मध्ये आहे.

नागपूरला काय मिळायचं तर पेटी. फिल्मची रिळं पेटीत यायची, आणि कोणत्या गावाला कधी जाणार हे सर्किटवर, म्हणजे सिनेमा वाटपाच्या विभागावर ठरायचं. आपलं सर्किट म्हणजे सीपी-बेरार, मध्यप्रांत आणि वऱ्हाड. राज्याचं हे नाव १९५० मध्ये नकाशावरून गेलं, १९५६ मध्ये नागपूरची राजधानी गेली, पण सिनेमाच्या व्यापारात आजही कमाईचे आकडे सीपी-बेरारच्या नावानंच सांगतात, आणि सर्किटच्या असोसिएशनचं मुख्यालय भुसावळला आहे. प्रिंट मोजक्या असायच्या, त्या आधी मोठ्या शहरांत फिरायच्या, आपल्याकडे पिक्चर पोचेपर्यंत मुंबईत परीक्षण छापून शिळं झालेलं असायचं. त्यामुळे इथं सिनेमावर लिहिणाऱ्याला ना स्टार भेटायचा ना प्रेस शो मिळायचा, त्याच्यापाशी फक्त पडद्यावरचा पिक्चर आणि आजूबाजूची पब्लिक. लिबर्टी, अलंकार, जानकी, महाल भागातली राजविलास आणि नरसिंग, या टॉकीजमध्ये स्वतःचं तिकीट काढून पब्लिकमध्ये बसायचं आणि घरी येऊन लिहायचं. माझ्या मते इथल्या लिहिणाऱ्यांची नजर त्यानंच घडली.

आता कॉमिक्स. इंद्रजाल १९६४ मध्ये सुरू झालं, वेताळ म्हणजे फँटम, मॅन्ड्रेक, मग १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर, आणि १९९० ला बंद पडलं. अमर चित्र कथा १९६७ ची. चांदोबा तर मराठीत त्याच्याही आधी, १९५२ पासून. नागपूरच्या पोराची चैन ही की मराठी आणि हिंदी दोन्ही चालायचं, म्हणजे घरात चांदोबा, आणि गल्लीतल्या दुकानातून किरायानं आणलेले नागराज नि चाचा चौधरी, एक दिवसाचा किराया देऊन तीन भावंडांनी एका दुपारी संपवायचे. सीताबर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मी अजूनही इंद्रजाल शोधत असतो. इंद्रजालची ती कव्हरं बी. गोविंद काढायचे, चांदोबातला विक्रम-वेताळ शंकर नावाच्या चित्रकाराचा होता, हे मला कळलं मोठं झाल्यावर, कारण लहानपणी जे काही वाचलं त्यात कोणीच या माणसांबद्दल लिहिलेलं नव्हतं. नटाच्या बंगल्याच्या पायऱ्या किती ते माहीत होतं, आणि ज्यानं माझं अर्धं बालपण रंगवलं त्याचं नाव माहीत नव्हतं. मी या विषयाकडे वळलो तो ह्याच चुटपुटीमुळे.

अ‍ॅनिमेशनचंही तसंच. १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले, राम मोहन यांच्यासारखी माणसं तिथं तयार झाली, १९७४ ला विजया मुळे यांची, भीमसेन यांच्या अ‍ॅनिमेशनची एक अनेक और एकता आली जी दूरदर्शनवर पाहून दोन पिढ्यांना पाठ झाली. मग नव्वदीत रविवारी सकाळी जंगल बुक. मूळ सिरीज जपानी, हिंदी गाणं गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं, शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा. आणि किपलिंगनं १८९४ च्या पुस्तकात जी जागा लिहिली ती सिवनी, जबलपूर रस्त्यावरची, पेंच ओलांडलं की आलीच, आणि मोगलीची वैनगंगा म्हणजे भंडाऱ्याला आपण पुलावरून ओलांडतो तीच नदी! जपानमध्ये बसून कोणीतरी आपल्या शेजारचं रान काढलंय हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी वहीत चार पानं लिहिली होती, माझा पहिला लेख तोच, छापला कुठंच नाही.

१९९२ ला झी, १९९५ ला कार्टून नेटवर्क, १९९९ ला अल्फा मराठी, चॅनलं धडाधड आली आणि पेपरांत पुरवण्या वाढल्या, पण डेस्क, म्हणजे पेपरातले विभाग, जुनेच राहिले. सिनेमा रंगीत पुरवणीत, टीव्ही म्हणजे मालिकेत पुढं काय होणार, कॉमिक्स गेलं मुलांच्या पानावर, आणि अ‍ॅनिमेशन तर करिअरच्या पानावर, बारावीनंतर कोणता कोर्स घ्यावा म्हणून. आणि गोष्टी तर या कुंपणांवरून कधीच्याच उड्या मारत होत्या. लोटपोट या हिंदी कॉमिक्समधले मोटू पतलू २०१२ ला टीव्हीवर आले नि २०१६ ला थिएटरात. सकाळमध्ये १९९१ ला सुरू झालेल्या चिंटू या कॉमिक स्ट्रिपवर २०१२ ला सिनेमा झाला. एकाच गोष्टीचा हा सगळा प्रवास ज्याला लिहायचाय तो कोणत्या डेस्कवर बसणार, बसायला जागाच नाही, म्हणून तो बाहेर राहतो आणि चारही ठिकाणी लेख पाठवतो.

बाहेर राहण्याची किंमत आहे. श्रमिक पत्रकारांचा १९५५ चा कायदा हा नोकरीतल्या पत्रकारासाठी होता, पूर्णवेळ असो की अर्धवेळ, मुक्त पत्रकार त्यात बसतच नव्हता. त्याला मिळतं ते मानधन, छापून आल्यावर, आणि कधी येईल ते सांगता येत नाही, एका दैनिकाकडून चार भागांच्या लेखमालेचे पैसे मला अकरा महिन्यांनी आले, तेही टीडीएस कापून. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे, नोकरीत नसलेल्याच्या लेखाचा पहिला मालक तो लेखकच, जोपर्यंत तो लिहून देत नाही तोपर्यंत. नव्या पोरांना मी हेच आधी सांगतो, मेलवर आलेला करार सही करायच्या आधी नीट वाचा, सगळे हक्क कायमचे देऊ नका, तुमचे जुने लेख हीच तुमची पुंजी.

डिजिटल प्रोजेक्शन आल्यापासून पेटीची वाट पाहणं संपलं, मुंबईचा शुक्रवार आणि नागपूरचा शुक्रवार एकच झाला. २०२२ ला नागराज मंजुळेंचा झुंड आला तेव्हा तर पडद्यावर नागपूरच होतं, इथल्याच वस्तीतली पोरं होती. आणि २०२५ च्या जुलैत महावतार नरसिंह लागला, अ‍ॅनिमेशनचा पिक्चर, आणि मी गेलो त्या शोला आजीपासून नातवापर्यंत अख्खी घरं आलेली. त्यावर मी लिहिलं, फाळक्यांच्या आगकाड्यांपासून सुरू करून. तो लेख सिनेमाच्या पानावर आला, मुलांच्या पानावर नाही. मला लिहायला लागून वीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच झालं.